स्पेसर, चाकाचा

मोटारगाडीचे चाक आणि ते ज्यावर बसते तो हब यांच्या दरम्यान घालावयाची, ठरावीक जाडीची धातूची चकती. हिच्या मध्यभागी हबसाठी मोठे भोक व त्याभोवती वर्तुळावर स्टडांसाठी लहान भोके असतात. स्पेसर घातल्याने चाक त्याच्या जाडीइतके गाडीच्या बाहेरच्या बाजूस सरकते. जाडी सामान्यतः ३ ते ५० मिमी. असते. ब्रेक किंवा सुकाणूचे सांधे यांना चाक घासू न देणे, वेगळ्या मापाचे चाक योग्य जागी आणणे आणि गाडीच्या बाह्य रूपात बदल करणे, असे तीन हेतू स्पेसर बसविण्यामागे असतात. चकती साधी असली, तरी गाडीचे संपूर्ण वजन, ब्रेकचा जोर आणि वळणावरील बाजूचा रेटा हे सर्व तिच्यातून हबकडे जातात. त्यामुळे तिची निवड व जोडणी यांत चूक झाल्यास चाक सैल होऊन निखळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

संज्ञा व मापे : बैलगाडीच्या चाकात तुंब्याचे जे स्थान तेच मोटारीत हबचे. हबच्या सपाट तोंडावर चाकाची आतील सपाट बाजू टेकते व नट किंवा बोल्ट आवळून दोन्ही एकत्र दाबली जातात. स्पेसर निवडताना पुढील चार मापे लागतात.

(१) स्टडवर्तुळाचा व्यास : स्टडांचे मध्य ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. तो स्टडांच्या संख्येसह सांगण्याची पद्धत आहे. उदा., ‘४ × १००’ म्हणजे १०० मिमी. व्यासाच्या वर्तुळावर चार स्टड. फोक्सवॅगन पोलोचे माप ५ × १००, तर टोयोटा इनोव्हाचे ५ × ११४·३ आहे. ११४·३ मिमी. म्हणजे साडेचार इंच. जुन्या विलीस जीपचे ५ × १३९·७ हे मापही मुळात साडेपाच इंचांचे आहे. चार स्टड असल्यास समोरासमोरील दोन स्टडांच्या मध्यांतील अंतर हाच व्यास होय. पाच स्टड असल्यास लगतच्या दोन स्टडांच्या मध्यांतील अंतरास १·७०१ ने गुणले असता व्यास मिळतो. फियाट उनो व पॅलिओ यांचे ४ × ९८ हे माप आणि अनेक गाड्यांचे ४ × १०० हे माप डोळ्यांना सारखेच भासते. पण एकाचा स्पेसर दुसऱ्यावर ओढूनताणून बसविल्यास स्टड तिरपे ताणले जातात व कालांतराने तुटतात.

(२) मध्यछिद्राचा व्यास : हबच्या तोंडावर मध्यभागी एक गोल उंचवटा असतो. चाकाचे मध्यछिद्र त्यावर घट्ट बसून चाक आपोआप केंद्रित होते. स्पेसराचे मध्यछिद्र या उंचवट्याशी मिळाले पाहिजे व स्पेसराच्या बाहेरील तोंडावरही तसाच उंचवटा असला पाहिजे.

(३) ऑफसेट : चाकाच्या रुंदीचा मध्यप्रतल आणि हबवर टेकणारे तोंड यांमधील अंतर. टेकणारे तोंड मध्यप्रतलाच्या बाहेरच्या बाजूस असल्यास ऑफसेट धन, आतील बाजूस असल्यास ऋण मानतात. पुढील चाके चालविणाऱ्या बहुसंख्य छोट्या गाड्यांत तो धन ३५ ते ५० मिमी. असतो. स्पेसर घातल्यावर परिणामी ऑफसेट म्हणजे मूळ ऑफसेटमधून स्पेसराची जाडी वजा करून येणारी संख्या होय. ४५ मिमी. ऑफसेटच्या चाकामागे १५ मिमी. जाडीचा स्पेसर घातल्यास परिणामी ऑफसेट ३० मिमी. होतो.

(४) ट्रॅक : एकाच आसावरील दोन चाकांच्या मध्यांतील अंतर. दोन्ही बाजूंना स्पेसर घातल्याने ते जाडीच्या दुपटीने वाढते. वरील उदाहरणात ही वाढ ३० मिमी. होईल.

विकास व मुंबईतील पार्श्वभूमी : स्पेसराची कल्पना मालमोटारींच्या जोडचाकांत प्रथमपासूनच आढळते. मालमोटारीच्या मागील आसावर प्रत्येक बाजूस दोन टायर शेजारी शेजारी असतात. भार पडला की टायरची बाजू जमिनीलगत फुगते. दोन टायरांत पुरेसे अंतर नसल्यास फुगलेल्या बाजू एकमेकींवर घासून तापतात व टायर फुटतो. मध्ये दगड अडकूनही तसेच होते. म्हणून आऱ्यांच्या ओतीव चाकांवर सुट्या धावा बसविण्याच्या जुन्या पद्धतीत दोन धावांमध्ये स्पेसराचे रुंद कडे घालीत. पुढे पत्र्याची खोलगट चाके प्रचारात आल्यावर पाठीला पाठ लावून बसविलेल्या दोन चाकांच्या खोलगटपणामुळेच हे अंतर राखले जाऊ लागले.

मुंबई बंदराच्या पूर्व किनाऱ्यावरील माझगाव, कॉटन ग्रीन व शिवडी या पट्ट्याचा मोटार वाहनांशी जुना संबंध आहे. कापसाचा बाजार फोर्ट भागातून कुलाब्यास आणि तेथून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शिवडीलगतच्या भराव टाकलेल्या जमिनीवर आला. त्यावरून त्या परिसरास व तेथील रेल्वे स्थानकास कॉटन ग्रीन हे नाव पडले. भारतात कापसाची दाबलेली गाठ १७० किग्रॅ. वजनाची धरतात, म्हणजे पन्नास गाठींचा भार साडेआठ टन होतो. एवढा भार वाहणाऱ्या मालमोटारींच्या जोडचाकांतील अंतर हा तेथे केवळ पुस्तकी प्रश्न नव्हता. लगतच्या शिवडी येथे जनरल मोटर्स कंपनीने १९२८ मध्ये गाड्यांच्या जोडणीचा कारखाना काढला. परदेशातून सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या गाड्या तेथे जोडल्या जात. हा कारखाना १९५४ मध्ये बंद झाला. माझगाव येथे महिंद्र कंपनीने १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस विलीस जीपची जोडणी सुरू केली. कुर्ला येथे वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तेथे तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनी गाड्या मुंबईच्या टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत धावत होत्या.

या गाड्यांची चाके पोलादी पत्रा दाबून केलेली असत व बदलताना त्याच मापाचे चाक मिळे. त्यामुळे खाजगी गाडीला स्पेसर लावण्याचा प्रसंग सहसा येत नसे. १९९० नंतर ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके, म्हणजे ॲलॉय व्हील, सर्रास मिळू लागली. रुंदी व ऑफसेट वेगवेगळे असलेली ही चाके मूळ हबवर जुळवून घेण्यासाठी, तसेच गाडी रुंद व दणकट दिसावी या हौसेपोटी, स्पेसरास मागणी आली. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व ऑपेरा हाउसचा परिसर येथील मोटारींच्या सामानाच्या बाजारांतून ही मागणी पुरविली जाते. रुंद ट्रॅकचे आकर्षण मात्र याहून जुने आहे. अमेरिकेत पाँटिॲक गाड्यांच्या १९५९ च्या जाहिरातींचा भर याच गुणावर होता.

प्रकार : स्पेसरांचे तीन मुख्य प्रकार आहेत.

सरकता स्पेसर ही साधी चकती असून ती मूळ स्टडांवर सरकवितात व तिच्यावर चाक बसवून नेहमीचे नट आवळतात. ती सामान्यतः ३ ते १५ मिमी. जाडीची असते. तिच्या जाडीइतकी स्टडाची उपयुक्त लांबी कमी होत असल्याने अधिक लांब स्टड किंवा बोल्ट घालणे बहुधा आवश्यक ठरते.

बोल्ट-जोड स्पेसर मूळ स्टडांवर स्वतःच्या नटांनी आवळला जातो. त्याच्या अंगात बसविलेल्या दुसऱ्या स्टडांवर चाक बसते. नट बुडण्यास जागा लागत असल्याने तो साधारणपणे २० ते २५ मिमी. पेक्षा पातळ करता येत नाही. मूळ स्टड स्पेसराच्या बाहेर डोकावत असल्यास चाकाच्या पाठीवर त्यांच्यासमोर खळगे असावे लागतात, अन्यथा चाक टेकत नाही.

रूपांतरक हा बोल्ट-जोड प्रकारचाच असून त्याच्या आतील व बाहेरील स्टडवर्तुळांचे व्यास भिन्न असतात. त्यामुळे एका मापाच्या हबवर दुसऱ्या मापाचे चाक बसविता येते. यात आतील व बाहेरील भोके एकमेकांच्या जवळ येत असल्याने धातू पातळ राहतो. म्हणून त्याच्या दर्जाबाबत विशेष काळजी घ्यावी लागते.

चांगले स्पेसर ६०६१-टी६ किंवा ७०७५-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूंपासून अथवा पोलादापासून घडवून व यंत्रावर कातून करतात. ओतीव ॲल्युमिनियमात हवेचे सूक्ष्म पोकळे राहण्याचा संभव असल्याने त्याचे स्वस्त स्पेसर वारंवार बदलणाऱ्या भाराखाली तडकू शकतात. १५० मिमी. बाह्यव्यास, ६० मिमी. मध्यछिद्र व २० मिमी. जाडी असलेल्या ॲल्युमिनियम स्पेसराचे वजन सुमारे ०·८ किग्रॅ. भरते. हे वजन स्प्रिंगांखालील भागात मिळविले जाते, म्हणजे खड्ड्यांवरून उसळणाऱ्या वस्तुमानात तेवढी भर पडते.

गाडीवरील परिणाम : स्थैर्य वाढते हे स्पेसराच्या बाजूने नेहमी सांगितले जाते. ट्रॅक वाढल्याने गाडी उलटण्यास अधिक जोर लागतो हे खरे आहे. परंतु ट्रॅकचा गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीला भागाकार हे उलटण्याविरुद्धच्या स्थैर्याचे स्थूल माप धरल्यास, १,४०० मिमी. ट्रॅक व ६०० मिमी. उंचीवर गुरुत्वमध्य असलेल्या गाडीत ते १·१७ येते आणि ट्रॅक ३० मिमी. वाढविल्यास १·१९ होते. ही वाढ केवळ २ टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढीच किंवा अधिक सुधारणा टपावरील सामान उतरविल्यानेही मिळू शकते.

याउलट धारव्यांवर, म्हणजे बेअरिंगांवर, होणारा परिणाम दुर्लक्षणीय नसतो. टायरवरील भाराची रेषा बेअरिंगांच्या मध्याजवळून जाईल अशा बेताने कारखान्यात चाकाचा ऑफसेट ठरविलेला असतो. स्पेसर ही रेषा बाहेर सरकवितो. १,२०० किग्रॅ. वजनाच्या गाडीच्या एका चाकावर सुमारे ३०० किग्रॅ. भार येतो. १५ मिमी. स्पेसरामुळे त्याचे सुमारे ४४ न्यूटन-मीटर इतके जादा परिबल बेअरिंगावर कायम राहते व खड्ड्यात चाक आपटताच ते क्षणभर कितीतरी पटींनी वाढते. गोळ्यांच्या बेअरिंगाचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणून भार १० टक्के वाढला, तर आयुष्य सुमारे एक चतुर्थांशाने घटते. निलंबन यंत्रणेचे, म्हणजे सस्पेन्शनचे, सांधे व रबरी आधार यांच्यावरही असाच जादा ताण येतो. चाक बाहेर गेल्याने तरफेचा दांडा लांबून स्प्रिंगा किंचित मऊ झाल्यासारख्या वागतात.

तिसरा परिणाम सुकाणूवर होतो. पुढील चाक ज्या तिरप्या आसाभोवती वळते तो आस जमिनीला जेथे मिळेल तो बिंदू आणि टायरच्या संपर्कभागाचा मध्य यांमधील आडव्या अंतराला स्क्रब त्रिज्या म्हणतात. अनेक गाड्यांत ती हेतुतः अल्प वा किंचित ऋण ठेवलेली असते. ती ऋण असल्यास एका बाजूचा ब्रेक कमी लागला किंवा एक चाक निसरड्या भागावर गेले, तरी चाके आपोआप गाडी सरळ ठेवण्याच्या दिशेने वळू पाहतात. १९७२ च्या औडी ८० गाडीपासून ही रचना विशेष प्रसिद्धीस आली. स्पेसर ही त्रिज्या जवळजवळ आपल्या जाडीइतकीच धन दिशेने बदलतो. तीत वाढ झाल्यास ब्रेक लावताना गाडी एका बाजूस ओढते, खड्ड्यांचे हिसके सुकाणू चक्रापर्यंत पोहोचतात आणि पुढील चाके चालविणाऱ्या गाडीत वेग घेताना सुकाणू हातातून ओढल्यासारखे वाटते. केवळ पुढे किंवा केवळ मागे स्पेसर लावल्याने वळणावरील पकडीचा समतोलही बदलतो.

जोडाचे बळ : चाक स्टडांवर टांगलेले असते ही समजूत बरोबर नाही. नट आवळल्यावर स्टड ताणला जातो व त्या ताणामुळे चाक हबवर दाबले जाते. दाबलेल्या दोन पृष्ठभागांमधील घर्षणच भार व ब्रेकचा जोर पेलते. १२ मिमी. व्यासाचा स्टड १०० न्यूटन-मीटर परिबलाने आवळल्यास त्यात सुमारे ४० हजार न्यूटन ताण निर्माण होतो. चार स्टडांचा मिळून होणारा सुमारे १ लाख ६० हजार न्यूटनांचा दाब शाबूत असेतोवर चाक हबवर घसरत नाही. दाब कमी झाला की चाक सूक्ष्म हालचाल करू लागते, स्टडांवर आडवा झोत येतो, त्यांतील धातूला शिणवटा येतो व ते एकामागून एक तुटतात.

स्पेसराने या जोडात जेथे एक संपर्कपृष्ठ होते तेथे दोन होतात. प्रत्येक पृष्ठावरील रंग, गंज, धूळ किंवा बर पहिल्या काही किलोमीटरांत दबून बसते आणि तेवढा ताण सैलावतो. स्पेसर लावलेल्या चाकांचे नट काही अंतर धावल्यावर पुन्हा आवळावे लागतात याचे कारण हेच होय. एकावर एक दोन स्पेसर ठेवणे किंवा स्पेसराऐवजी वॉशर घालणे यामुळे पृष्ठांची संख्या वाढते आणि केंद्रणही बिघडते. म्हणून ते पूर्णपणे वर्ज्य समजावे.

निवड : प्रथम स्पेसराची गरज आहे काय हे ठरविणे आवश्यक आहे. योग्य ऑफसेटचे चाक मिळत असल्यास तेच घेणे केव्हाही श्रेयस्कर. कारण त्यात जोडाची पृष्ठे वाढत नाहीत. चाक आधीच घेतलेले असून ते ब्रेकच्या कॅलिपरला किंवा सस्पेन्शनच्या दांड्याला एखाद-दोन मिलीमीटरांनी अडत असेल, तर पातळ स्पेसर हा समर्थनीय उपाय ठरतो.

जाडीचा हिशेब मूळ चाकाशी तुलना करून करावा. समजा, मूळ चाक ५·५ इंच रुंद व नवे ६ इंच रुंद असून दोहोंचा ऑफसेट ४५ मिमी. आहे. नवे चाक १२·७ मिमी. नी रुंद असल्याने दोन्ही कडांना ६·३५ मिमी. पुढे जाते. त्यात ५ मिमी. स्पेसर घातल्यास आतील कड मूळ जागेच्या १·३५ मिमी. आत, तर बाहेरील कड ११·३५ मिमी. बाहेर येते. आतील बाजूस जागा मिळाली, पण बाहेर मडगार्डाची कड पुरेशी दूर आहे काय हे गाडी भरलेली असताना व चाक पूर्ण वळविलेले असताना पाहिले पाहिजे. आवश्यकतेहून अधिक जाडी घेऊ नये.

त्यानंतर स्टडाची लांबी पाहावी. नटाचे आटे स्टडावर किमान स्टडाच्या व्यासाइतक्या लांबीत गुंतलेले असावेत, हा सर्वसाधारण नियम आहे. १२ मिमी. व्यास व १·५ मिमी. अंतराचे आटे असलेल्या स्टडावर नट निदान आठ पूर्ण फेरे बसला पाहिजे. मूळ जोडात आटे १६ मिमी. गुंतत असल्यास ५ मिमी. स्पेसरानंतर ते ११ मिमी. उरतात, म्हणजे एवढा पातळ स्पेसरही मूळ स्टडांवर चालत नाही. ज्या गाड्यांत स्टडाऐवजी बोल्ट वापरतात तेथे स्पेसराच्या जाडीइतकेच अधिक लांब बोल्ट घ्यावेत. त्याहून लांब बोल्ट हबच्या मागे निघून ब्रेकच्या किंवा वेगसंवेदकाच्या भागांस लागू शकतात.

हबच्या उंचवट्याची उंची हा सहसा नजरेतून सुटणारा मुद्दा होय. उंचवटा १० मिमी. असून ५ मिमी. चा साधा स्पेसर घातल्यास चाकासाठी ५ मिमी. उंचवटा उरतो. ८ मिमी. चा स्पेसर घातल्यास जेमतेम २ मिमी. उरतो व मध्यछिद्राची कड तिरपी कातलेली असल्यास चाक केंद्रित होत नाही. त्यामुळे विशिष्ट वेगाला गाडी थरथरते. अखेरीस नटाची बैठक तपासावी. काही चाकांची बैठक शंकूसारखी, काहींची गोलाकार, तर काहींची सपाट असते. बैठक न जुळणारा नट कितीही आवळला, तरी तो एका रेषेवरच टेकतो.

बसविण्याची पद्धत : गाडी सपाट व कठीण जमिनीवर उभी करून हातब्रेक लावतात व विरुद्ध बाजूच्या चाकांना अटकाव लावतात. नट थोडे सैल करून मगच गाडी जॅकवर उचलावी व तिच्याखाली भक्कम स्टँड ठेवावा. केवळ जॅकवर विसंबून काम करू नये. चाक काढल्यावर हबचे तोंड व चाकाची पाठ तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत साफ करतात. ब्रेकची तबकडी धरून ठेवणारे पत्र्याचे चाप किंवा वर आलेले स्क्रू असल्यास त्यांच्यामुळे स्पेसर तिरपा बसतो. म्हणून त्यांची व्यवस्था लावावी. स्पेसर हाताने दाबून तो कोठेही डुलत नाही याची खात्री करून घेतात.

आट्यांना व संपर्कपृष्ठांना ग्रीस लावण्याचा मोह टाळावा. ग्रीस लावलेल्या आट्यांवर तेच परिबल दिल्यास स्टडात अपेक्षेपेक्षा पुष्कळ अधिक ताण येतो. बोल्ट-जोड स्पेसराचे नट प्रथम ठरीव परिबलाने आवळतात व नंतर चाक चढवितात. सर्व नट आधी हाताने फिरवून बसवावेत, मग समोरासमोरील क्रमाने किंवा पाच असल्यास ताऱ्याच्या आकृतीने दोन-तीन टप्प्यांत आवळावेत. हवेच्या दाबावर चालणाऱ्या पान्याने एकदम आवळल्यास ताण असमान राहतो. गाडी खाली उतरविल्यावर अखेरचे आवळणे टॉर्क पान्यानेच करावे व त्यासाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा प्रमाण मानावा.

त्यानंतर चाक हाताने फिरवून पाहतात, सुकाणू दोन्ही बाजूंना टोकापर्यंत वळवितात आणि गाडीत माणसे बसवून मडगार्ड, ब्रेकची नळी व टायर यांतील अंतर पुन्हा तपासतात. ५० ते १०० किमी. धावल्यावर सर्व नट पुन्हा तपासणे अनिवार्य आहे. बोल्ट-जोड प्रकारात आतील नट तपासण्यासाठी चाक काढावे लागते. हा त्रास वाचविण्याकडे कल असतो, पण नेमके हेच नट डोळ्यांआड सैल होतात.

देखभाल व दोषांची लक्षणे : मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात स्पेसराचा एक विशेष शत्रू म्हणजे खारी दमट हवा. पोलादी हब व ॲल्युमिनियमचा स्पेसर यांच्या फटीत खारे पाणी शिरले की भिन्न धातूंमुळे विद्युत् रासायनिक गंजक्रिया सुरू होते व स्पेसर हबला चिकटतो. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेल्यास हा धोका वाढतो. बंदराच्या पट्ट्यात नित्य वावरणाऱ्या गाडीचे स्पेसर निदान वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, काढून साफ करणे इष्ट होय. पावसाळ्यातील खड्डे हे दुसरे संकट. जोराचा आपटा बसल्यावर नट व चाकाची कड दोन्ही तपासावीत.

सुकाणूत नव्याने जाणवणारी थरथर, चाकाकडून येणारा तालबद्ध टकटक आवाज, वेगानुसार चढणारी बेअरिंगाची गुणगुण, नटाभोवती गंजाच्या रंगाचे ओघळ आणि टायरची एका बाजूने झीज ही धोक्याची लक्षणे होत. यांपैकी टकटक व गंजाचे ओघळ दिसताच गाडी थांबवावी. भोके लांबट झालेला, तडा गेलेला किंवा वाकलेला स्पेसर दुरुस्त करून पुन्हा वापरू नये. चाक निखळल्यास ते गाडीच्या वेगानेच पुढे धावते व पदपथावरील माणसाला त्यापासून अधिक भय असते.

इतर वाहनांत : शेतीच्या ट्रॅक्टरात ट्रॅक बदलणे हा सोयीचा नव्हे, तर गरजेचा भाग असतो. कापूस किंवा ऊस यांच्या ओळींतील अंतराप्रमाणे चाके जुळली नाहीत, तर पीक तुडविले जाते. म्हणून ट्रॅक्टराच्या मागील चाकांच्या धावा व खोलगट तबकड्या उलटसुलट बसवून ट्रॅक कमीजास्त करण्याची सोय उत्पादकानेच केलेली असते आणि आस व बेअरिंगे त्या हिशेबाने घडविलेली असतात. खाजगी मोटारीत ही तरतूद नसते, हा दोहोंमधील महत्त्वाचा भेद होय.

कायदेशीर बाजू : भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावला. वाहनांना मंजुरी देण्यापूर्वी पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियासारख्या संस्थांत चाचण्या होतात. ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली. या चाचण्या कारखान्यातून निघालेल्या रचनेच्या असतात. मालकाने नंतर घातलेला स्पेसर त्यांत येत नाही. म्हणून स्पेसर बसविण्यापूर्वी उत्पादकाचे मत घेणे व विमा कंपनीस लेखी कळविणे शहाणपणाचे ठरते.

इतर देशांतील धोरणे भिन्न आहेत. जर्मनीत विशिष्ट गाडीसाठी तपासलेला व तसे प्रमाणपत्र असलेला स्पेसर अधिकृत तपासनिसाकडून जोडणी तपासून घेतल्यावर वापरता येतो. पोर्शसारख्या उत्पादकाने आपल्या काही गाड्यांसाठी पातळ स्पेसर स्वतःच पुरविले आहेत. ऑस्ट्रेलियात उत्पादकाने मूळ रचनेत दिलेले स्पेसर सोडल्यास इतर स्पेसरांस सर्वसाधारणपणे मनाई आहे. या दोन्ही धोरणांच्या मुळाशी एकच तत्त्व आहे. चाक व हब यांच्यामध्ये जे काही येईल त्याची जबाबदारी गाडीची संपूर्ण रचना जाणणाऱ्याने घेतलेली असली पाहिजे. विक्रेत्याने केवळ स्टडवर्तुळ जुळवून दिलेली चकती ही अट पूर्ण करीत नाही.